खड्ड्यात पडलेल्यांविषयीचे कोष्टक

दया ही मनुष्याची नैसर्गिक प्रवृत्ती असल्यामुळे तिला वेळीच आवर घालणे प्रत्येक जबाबदार संस्थेला भाग पडते. भूक, झोप आणि दया या तिन्ही गोष्टी वेळापत्रकाबाहेर उद्भवतात. पैकी पहिल्या दोहोंसाठी पळसदरीच्या वरच्या अंगाला असलेल्या एका लहानशा मिशन शाळेत घंटा होती. तिसरीची सोय पोपटराव शांतवन यांनी १९२६ साली केली.

पोपटराव बी. एस्सी. होते. (पदार्थविज्ञान, दुसरा वर्ग.) जन्माने ख्रिस्ती, शिक्षणाने संशयी आणि नोकरीने पुन्हा ख्रिस्ती, असा त्यांचा आध्यात्मिक प्रवास झाला होता. आठवडाभर ते मुलांना तरफ, कप्पी आणि उतरण शिकवीत. रविवारी शब्बाथशाळा घेत. देवाच्या अस्तित्वाबद्दल त्यांनी आपले मत राखून ठेवले होते. मुलांच्या हजेरीबद्दल मात्र ते कट्टर आस्तिक होते.

त्या वर्षीचा धडा होता 'नियम आणि दया'. शब्बाथ हा विसाव्याचा दिवस, त्या दिवशी काम करू नये, हा नियम. ख्रिस्ताने नेमक्या त्याच दिवशी एका वाळल्या हाताच्या माणसाला बरे केले, आणि नाके मुरडणाऱ्यांना विचारले की, तुमचे मेंढरू आज खड्ड्यात पडले तर तुम्ही ते वर काढणार नाही काय? प्रश्न हृदयस्पर्शी होता, परंतु पोपटरावांच्या मते अपुरा होता. खड्डा किती खोल? आत पाणी किती? एवढी मूलभूत माहिती न देता मुलांकडून दयेची अपेक्षा करणे त्यांना अशास्त्रीय वाटले. म्हणून चार रविवार खपून त्यांनी पुढील कोष्टक सिद्ध केले.

वर्ग पहिला : खोली दोन हातांपर्यंत. सोमवारपर्यंत थांबावे.
वर्ग दुसरा : दोन ते पाच हात. मास्तरांच्या *लेखी* परवानगीने वर काढावे.
वर्ग तिसरा : पाच हातांहून अधिक, अथवा प्राणी न थांबता ओरडत असल्यास. आधी काढावे, मग कळवावे.

प्राण्यांच्या यादीत शेळी, गाय, बैल, वासरू आणि रेडकू होते. (मेंढरू इथल्या मुलांनी धनगरांच्या कळपात, तेही लांबूनच पाहिलेले असल्यामुळे वगळले. कोंबडी उडू शकते.) दीड महिन्यात एक्केचाळीसपैकी चाळीस मुलांना कोष्टक तोंडपाठ झाले. शाळेतील दयेचे प्रमाण शेकडा ९७.५६ भरले. हा आकडा मिशनच्या मंडळाला इतका आवडला की कोष्टक सगळ्या मिशन शाळांना लावण्याचे घाटू लागले.

एक्केचाळिसावी सोमी. डोंगरातल्या ठाकरवाडीची, बारा वर्षांची. तिने पहिल्याच दिवशी हात वर केला होता.

"मास्तर, बकरू वरडतंय तवर हात कसं मोजाचं? वर काढून मंग मोजलं तर?"

"मग मोजून उपयोग काय?"

"तेच म्हनते मी."

पोपटरावांनी तिला शून्य दिले.

वास्तविक सोमीला गुणांची गरज इतरांहून जास्त होती. पुण्याच्या मुलींच्या बोर्डिंगात शाळेला एक जागा मिळाली होती आणि ती भाद्रपदातल्या दुसऱ्या रविवारच्या परीक्षेवर ठरायची होती. पुण्याला दवाखान्यातल्या बाया मोडलेली हाडे बांधतात, असे सोमीने ऐकले होते आणि तिला तेच करायचे होते. जागा न मिळाल्यास दिवाळीपासून तिने गवत कापायला जावे, हे तिच्या बापाने ठरवून टाकले होते.

परीक्षेच्या दिवशी पोपटराव घड्याळाकडे पाहत शाळेकडे निघाले आणि वाटेतल्या खड्ड्यात पडले. खड्डा शाळेच्या पडवीसाठी मुरूम काढल्यावर बुजवायचा राहिला होता. (बुजवण्याविषयीचा अर्ज पोपटरावांच्याच टेबलावर होता.) नडगीपर्यंत चिखल, पायाचा घोटा मुरगळलेला. शास्त्रीय सवयीने त्यांनी प्रथम खोली मोजली. साडेचार हात.

एवढ्यात वरती धुतल्या कपड्यांतली मुले आली. पुढे वर्गनायक गजा, मागे आवडी.

"आवडे, मास्तर पडलं गं!"

"किती हात?"

गजाने काठी आत सोडली. "साडेचार."

"मंजी दुसरा वर्ग. मास्तर, परवानगी हाय का?"

"आहे! काढा रे लवकर!"

"चिठ्ठी द्या मंग."

'लेखी' या शब्दाखाली रेघ पोपटरावांनी स्वतः ओढली होती. दौत-टाक शाळेत होते.

"आन मी काय म्हनते गजा," आवडी म्हणाली, "यादीत मास्तर कुठं हायत?"

"गप गं, रागं भरतील. मास्तर, असं करा, न थांबता वरडा. तिसऱ्या वर्गात बसवतो तुमाला."

पोपटरावांनी ओरडून पाहिले. परंतु पदवीधर माणसाला सलग ओरडता येत नाही. दुसऱ्या श्वासाला ते थांबले. गजाने खेदाने मान हलवली. शाळेची घंटा झाली.

"पळा रं! दार लावतील!"

घंटेनंतर दार बंद, हाही नियम पोपटरावांचाच. चाळीसही मुले पळाली. खड्ड्यातून त्यांच्या पावलांचे आवाज ऐकताना पोपटरावांना एक प्रकारचे समाधान वाटल्यावाचून राहिले नाही. तर्कात कुणाचीही चूक नव्हती.

सोमी त्यानंतर आली. तिने काही मोजले नाही. बाजूला पडलेला सागाचा ओंडका ओढून आणला, खड्ड्यात तिरका टाकला, स्वतः खाली उतरली आणि मास्तरांना मागून ढकलत वर चढवले. (उतरणीचा कोन चाळीस अंशांच्या आसपास असावा, अशी पोपटरावांनी मनोमन नोंद केली.) मग तिने कुंपणातल्या बांबूच्या कामट्या काढल्या, पदर फाडला आणि घोटा आवळून बांधला.

"आठ दिस सोडू नका, मास्तर."

"तुझी परीक्षा चुकली, सोमे."

"तुमी हाय ना. तुमी सांगाल त्यांना," सोमी म्हणाली, आणि त्यांचा हात आपल्या खांद्यावर घेऊन चालू लागली.

पोपटराव मागच्या दाराने आत गेले, कारण शिक्षकांना ते उघडे असते, आणि बांधलेला पाय टेबलाखाली घेऊन बसले. सोमी पुढच्या दाराबाहेर उभी राहिली. आत चाळीस मुलांनी कोष्टक एका सुरात म्हटले. परीक्षक मडमबाईंच्या डोळ्यांत पाणी आले. मग त्यांनी खिडकीबाहेर पाहिले.

"ती चिखलाने भरलेली मुलगी का उभी आहे, मास्तर? तिला उशीर का झाला? सबळ कारण असेल तर आपण तिला आत घेऊ. नियम माणसासाठी असतो, नाही का?"

पोपटरावांनी विचार केला. कारण सांगायचे, तर आपण आपल्याच खड्ड्यात पडलो हे सांगावे लागेल. पूर्ण गुण मिळवलेली चाळीस मुले आपल्याला ओलांडून गेली, हेही सांगावे लागेल. शेकडा ९७.५६ हा आकडा मग कोणत्या तोंडाने सांगायचा? बाहेर सोमी त्यांच्याकडे पाहत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जराही काळजी नव्हती.

"सबळ कारणाची नोंद नाही," पोपटराव म्हणाले. हे विधान अक्षरशः खरे होते. नोंद त्यांनीच करायची होती, आणि ती त्यांनी केली नव्हती.

पुण्याची जागा आवडीला मिळाली. कोष्टक छापले गेले. दुसऱ्या आवृत्तीत प्राण्यांच्या यादीत 'शिक्षक' हा शब्द वाढवण्यात आला. पोपटरावांचा घोटा नवव्या दिवशी पूर्ववत झाला. तो बांधणाऱ्याचे कौशल्य डॉक्टरांनी वाखाणले, तेव्हा पोपटराव 'स्थानिक मदत' एवढेच म्हणाले. सोमी दिवाळीपासून गवत कापू लागली. वाटेत भेटली की ती विचारी, "मास्तर, पाय दुकतो का?" आणि पोपटराव खरे ते सांगत, की नाही, पाय दुखत नाही.

इथवर आल्यावर वाचकाला सोमीचा कळवळा आला असेल, तर त्यात गैर काही नाही. ती दूर आहे, जुन्या काळातली आहे, आणि तिच्यासाठी जागेवरून उठावे लागत नाही. दरम्यान घरातून कुणी दोन-तीनदा हाक मारली असेल, आणि वाचकाने "एवढं वाचून होऊ दे" असे उत्तर दिले असेल. तेही रास्तच होते. सबळ कारण होते.