झिपरू मुंगसाला कापसात ठेवले त्याची गोष्ट

एका जंगलात शिक्षणाचा प्रसार झाला आणि त्यावर काही इलाज चालेना. शेवटी कॉलेज निघाले.

मुलांनो, हे जंगल कुठे आहे ते विचारू नका. जिथे कॉलेजपेक्षा कॉलेजची कमान मोठी असते, तिथेच कुठेतरी समजा.

या कॉलेजात खेळांना फार महत्त्व होते. मैदानावर वरचेवर नारळ फुटायचा आणि भाषणे व्हायची. चषकांसाठी काचेचे कपाटसुद्धा होते. ते रिकामे दिसू नये म्हणून शिक्षक त्यात आपले जेवणाचे डबे ठेवत.

अशा कॉलेजात झिपरू नावाचे मुंगूस शिकायला आले. झिपरू सापाच्या तोंडाशी जाऊन, त्याला हुलकावणी देऊन, परत येणाऱ्या घराण्यातला. कबड्डी म्हणजे तरी दुसरे काय असते? आणि पळताना तो असा वळायचा, की त्याची शेपटी त्याला थोड्या वेळाने येऊन मिळायची. म्हणजे खो-खोही आलाच.

पहिल्या वर्षी झिपरू दोन्ही खेळला आणि कॉलेज दोन्ही जिंकले. शिक्षकांना डबे बाहेर काढावे लागले.

कबड्डी शिकवायचे गवा सर. ते म्हणाले, "मी सांगत होतो ना! पोरगं मूळचं कबड्डीचं आहे. खो-खो आपला जाता जाता खेळतो."

खो-खो शिकवायच्या टिटवी मॅडम. आभाळ कोसळेल म्हणून पाय वर करून झोपायची त्यांच्या घराण्याची रीत. काळजी त्यांना शिकवावी लागली नव्हती. त्या म्हणाल्या, "जाता जाता? अहो सर, तुमच्या त्या झटापटीत त्याचा पाय मोडला म्हणजे? तुमचं काय जातंय!"

आणि बघा, दुसऱ्या वर्षी सरावात झिपरूचे एक नख उखडले. एवढेसे नख. झिपरूने ते चाटले आणि पुन्हा चढाईला निघाला. पण मॅडमनी असा आक्रोश केला, की दोन टेकड्यांपलीकडचे हरणांचे कळप उधळले.

प्रकरण प्राचार्यांकडे गेले. प्राचार्य होते साळिंदर. रागावले की त्यांचे काटे उभे राहत, आणि खूश झाले तरी उभेच राहत. त्यामुळे सगळे त्यांना लांबूनच 'हो' म्हणत.

प्राचार्य म्हणाले, "हा विद्यार्थी संस्थेची ठेव आहे. खो-खोचा सामना जवळ आला, की याने कबड्डी खेळायची नाही. कबड्डीचा जवळ आला, की खो-खो खेळायचा नाही."

सगळे लांबून 'हो' म्हणाले. झिपरूही म्हणाला. मग घरी जाताना त्याच्या लक्षात आले, की दोहोंपैकी एक सामना नेहमीच जवळ आलेला असतो.

त्या दिवसापासून झिपरूचे खेळणे संपले आणि जपणे सुरू झाले. त्याला सावरीच्या कापसाची गादी मिळाली. त्याला सभांना नेऊ लागले. बिळाच्या तोंडाशी एक कासव पहाऱ्याला बसवले, कारण झिपरू पळून गेला तर ते लगेच मागे धावणार होते.

"आई, मला खेळायचंय," झिपरू म्हणायचा.

"अरे, पण एवढा मान कुणाला मिळतो?" आई म्हणायची. "तुझ्या बापाला उभ्या जन्मात कुणी गादी दिली नाही."

"बाबा रोज साप मारायचे, आई."

"म्हणून तर गादी नाही मिळाली."

शेवटचे वर्ष आले. झिपरू नसताना दोन्ही संघ कसेबसे अंतिम फेरीत पोचले, आणि दोन्ही अंतिम सामने एकाच दिवशी, शेजारशेजारच्या मैदानांवर ठरले. झिपरू प्राचार्यांपुढे जाऊन उभा राहिला.

"सर, एक सामना खेळू द्या. कुठलाही. पुढच्या वर्षी मी इथे नसेन."

"कुठलाही कसा? कबड्डी खेळलास तर खो-खोवर अन्याय. खो-खो खेळलास तर कबड्डीवर."

"आणि एकही नाही खेळलो तर?"

"तर समान न्याय," प्राचार्य म्हणाले आणि त्यांचे काटे उभे राहिले. ते खूश झाले होते.

सामन्याच्या दिवशी दोन मैदानांच्या मधोमध मंडप घातला. झिपरूला शाल पांघरली, गळ्यात झेंडूचा हार घातला आणि उंच खुर्चीत बसवले. निवेदक माकड कर्ण्यातून ओरडले, "आपल्या दोन्ही संघांचे प्रेरणास्थान! एकदा जोरदार टाळ्या!"

प्रेरणा घेऊन दोन्ही संघ हरू लागले.

डावीकडे कबड्डीत आपला ससा चढाईला गेला आणि मध्यरेषेवरूनच परत आला. उजवीकडे खो-खोत आपले भेकर खांबाला अडखळले. झिपरूचे पाय शालीखाली आपोआप वळत होते. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. न राहवून तो उठला.

गवा सरांनी त्याला खाली दाबले. "अरे, बस! लागेल कुठेतरी."

"सर, शेवटची चढाई आहे!"

"हो, पण शाल पडतेय," टिटवी मॅडम म्हणाल्या.

कॉलेज दोन्ही सामने हरले.

पराभवाची चौकशी झाली. चौकशी समितीत गवा सर आणि टिटवी मॅडम होते, कारण घडल्या प्रकाराची त्यांच्याइतकी माहिती कुणालाच नव्हती. जन्मभर कशावरही एकमत न झालेल्या त्या दोघांचे प्रथमच एकमत झाले. झिपरूला बोलावणे गेले.

"दोन डगरींवर पाय ठेवला की असंच व्हायचं," गवा सर म्हणाले. "धड हे नाही, धड ते नाही."

"पण सर, मी खेळलोच नाही!"

"तेच म्हणतोय आम्ही! संघ बुडत होता आणि तू बसून राहिलास."

"मॅडम, तुम्हीच तर मला..."

"आणि वर हार घालून!" मॅडम म्हणाल्या.

झिपरू कॉलेजातून बाहेर पडला. मंडपातला त्याचा फोटो मात्र प्रवेशद्वारापाशी लागला, हारासकट. दर वर्षी नवी मुले येतात, फोटो पाहतात आणि हळहळतात. "अरेरे, लवकरच गेले बिचारे," असे म्हणून हात जोडतात आणि वर्गात जातात.

झिपरू मात्र त्या दिवशी घरी जाता जाता नाल्यापलीकडे थांबला होता. तिथे वारुळांच्या मागे घोरपडींचा खेळ रंगला होता. त्या खेळाला नाव नव्हते. पळायचे, पकडायचे, सुटायचे, एवढेच. तिथे नारळ नव्हता आणि खुर्चीही नव्हती.

"मी येऊ?" झिपरूने विचारले.

"ये की. पण लागलं तर रडायचं नाही हां," एक थोराड घोरपड म्हणाली.

तिन्हीसांजेला तो घरी पोचला तेव्हा अंगावर इतकी धूळ होती, की आईने आधी ओळखलेच नाही. मग ती किंचाळली, "अरे देवा! कान फाटलाय तुझा! कुणी केलं हे?"

"घोरपडीनं," झिपरू धापा टाकत म्हणाला. "काय पकड होती, आई! पण सुटलो."

आणि तो कापसाच्या गादीकडे न जाता तिथेच जमिनीवर पसरला आणि घोरायला लागला.

तात्पर्य : गुणी खेळाडूला जिवापाड जपावे आणि त्याला मैदानावर मुळीच उतरू देऊ नये. खेळून दमलेला खेळाडू पराभवानंतर फारसा उपयोगी पडत नाही. दोष घ्यायला माणूस ताजातवाना लागतो.