वामकुक्षीची हरकत नव्हती

मुरलीधर तांबटांच्या वामकुक्षीने त्यांच्याकडे घटस्फोट मागितला आणि मुरलीधरशेठ लगेच बरं म्हणाले, त्यामुळे प्रकरण तसं सरळ होतं. भांडण नाही, तंटा नाही. फक्त वकील करायचा राहिला होता.

वामकुक्षीबाईंची बाजू खरी होती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. बोरखेडच्या पेठेत शेठचं भांड्यांचं दुकान. आहेराची भांडी तिथूनच घ्यायची आणि त्यांच्यावर नावंही शेठच्या हातचीच घालून घ्यायची, अशी गावाची रीत. दुपारचं जेवण झालं की शेठ दुकान बंद करायचे, आतल्या खोलीत डाव्या कुशीवर व्हायचे, आणि बाई यायच्या. चार वाजेपर्यंत संसार सुखाचा. पण समोर स्टीलचं नवं दुकान निघालं आणि तिथे भर दुपारी मशीनवर नावं घालून मिळू लागली. झालं! शेठ हट्टाला पेटले. तेही दुपारी दुकान उघडं ठेवून ठोकत बसू लागले. बाई बिचाऱ्या नेमाने यायच्या, हंड्यांच्या उतरंडीआड चटई टाकून बसायच्या, हातोडीची टकटक ऐकायच्या आणि चहाच्या वेळी निघून जायच्या. वर्षभर त्यांनी हे काढलं. कोण किती सोसणार?

"मला वेगळं व्हायचंय," एके दिवशी त्या म्हणाल्या.

"माझी हरकत नाही," शेठ म्हणाले.

खरं तर त्यांची चांगलीच हरकत होती. पण मनातली हरकत ओठांवर आणायची, तर तांबटांच्या घराण्यात तशी पद्धत नव्हती.

शेठच्या पत्नी कुमुदताई मात्र भडकल्या. "अहो, काही कळतं का तुम्हाला? त्या येतात म्हणून दुपार माझी असते! रेडिओ लावते, पाय पसरून बसते, मनात येईल ते खाते. आता दिवसभर तुम्हीच का समोर?" मग त्यांनी वामकुक्षीबाईंना चहा करून दिला, त्यांचा हात हातात घेतला आणि त्यांना समजावायला सुरुवात केली. पण हात हातात घेतल्यामुळे कुमुदताईंनाच दोन मिनिटांत पेंग आली आणि बोलणं तिथेच राहिलं.

वकील म्हणून ॲडव्होकेट हेमलता राजनकर ठरल्या. बाई अनुभवी. नुकताच त्यांनी एका निवृत्त मुख्याध्यापकांचा आणि त्यांच्या आवाजाचा घटस्फोट करून दिला होता, आणि दोघंही आता सुखात होते.

"भांडण नसेल तर दोघांना मिळून एक वकील पुरतो," राजनकर बाईंनी जांभई आवरत सांगितलं आणि वामकुक्षीबाईंना जरा लांब, खिडकीपाशी बसायला सांगितलं. "अपत्यं?"

"डुलक्या आहेत," बाई आपल्या संथ आवाजात म्हणाल्या. "पण त्या आता मोठ्या झाल्या. आपापल्या कीर्तनाला जातात, सभेला जातात. त्यांची काळजी नाही."

"पोटगी?"

"काही नको. चटई तेवढी माझी आहे."

"आणि उशी?"

"ती यांनाच राहू दे. किती तेल लागलंय तिला!"

राजनकर बाईंनी पेन खाली ठेवलं. "शेठ, एक नीट ऐका. हुकूम झाला की झाला. पुन्हा जन्मात दुपारची झोप नाही. तापाने फणफणलात तरी नाही. पुरणपोळीवर तूप ओढून आडवे झालात तरी टक्क जागे. आहे कबूल?"

पुरणपोळीचं शेठच्या लक्षातच आलं नव्हतं. तरीही "चालेल," ते म्हणाले.

कायद्याप्रमाणे विचाराला सहा महिने मिळाले. तेवढ्या दिवसांसाठी बाई माहेरी, म्हणजे नगर वाचनालयाच्या वर्तमानपत्र विभागात, राहायला गेल्या. तिथे त्यांचं चांगलं झालं असं ऐकायला येई. शेठचं मात्र फार वाईट झालं. दुपार झाली की डोळे चुरचुरायचे, अक्षरं हलायची, गिऱ्हाइकावर उगाच खेकसणं व्हायचं. एकदा तर सकाळी दुकान उघडतात न उघडतात तोच मालतीबाई देवतळे नावाच्या बाई पातेलं घेऊन पायऱ्या चढल्या.

"शेठ, मी जिती आहे ना हो?"

"दिसताय तर," शेठ म्हणाले.

"मग हे काय ठोकलंय? 'कै. मालतीबाई देवतळे यांजकडून सप्रेम भेट'! भर मांडवात नवरीच्या सासूने मोठ्याने वाचलं. सगळं वऱ्हाड मागे वळून माझ्याकडे बघायला लागलं. एका म्हातारीने तर हात जोडले मला!"

'सौ.'च्या जागी 'कै.' पडलं होतं. शेठनी पातेलं हातात घेतलं आणि त्यांना रडूच आलं. इतकी वर्षं हातोडी चालवली, पण जिवंत सवाष्णीला त्यांनी कधी मारलं नव्हतं.

"आता तरी कोर्टात तोंड उघडा," कुमुदताई म्हणाल्या. "हरकत आहे म्हणा. दोनच तर शब्द आहेत."

शेठनी तालीम सुरू केली. घंघाळापुढे उभं राहून ते "हरकत आहे, हरकत आहे" म्हणायचे. घंघाळात तोंड घालून म्हटलं तर ते फार जोरकस ऐकू यायचं.

तारखेला न्यायाधीश साहेबांनी दोघांना समोर उभं केलं. बाई नेहमीच्या मऊ, धुऊन विटलेल्या पातळात आल्या होत्या, अंबाडा सैल, काखेत चटई. त्या आत शिरल्या तशी मागच्या बाकावरची मंडळी एकमेकांच्या खांद्यावर कलंडू लागली.

"घटस्फोटाला कुणाची हरकत?" साहेबांनी विचारलं.

कुमुदताईंनी मागून कोपर मारलं. शेठनी तोंड उघडलं, छताकडे पाहिलं.

"नाही," ते म्हणाले. आणि असे काही खजील झाले की त्यांना कुमुदताईंकडे बघवेना.

"ठीक. मग बाईंनी कोर्टासमोर निरोप घ्यावा आणि बाहेर पडावं. त्या उंबऱ्याबाहेर गेल्या की मी हुकूम सांगतो."

बाई निघाल्या. दारापाशी पोचल्यावर त्या थांबल्या, वळल्या, पदर सारखा केला.

"बरं, येते हं," त्या म्हणाल्या.

"ये," शेठ म्हणाले. आपसूक निघून गेलं तोंडातून.

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "बाई, कायमचं जाताय तुम्ही. 'जाते' म्हणा."

"अगंबाई! असं कसं म्हणू?" वामकुक्षीबाई पहिल्यांदाच जरा जाग्या झाल्यासारख्या बोलल्या. "भरल्या कोर्टात, चांगली माणसं बसलेली असताना? असलं अभद्र मी नाही बोलायची."

साहेब अडचणीत आले. तेही सकाळी घरी "येतो" म्हणूनच निघाले होते, आणि दुसरं काही बोलले असते तर त्यांना घरच्यांनी उंबरा ओलांडू दिला नसता. त्यांनी राजनकर बाईंना त्यांचं म्हणणं विचारलं.

"साहेब, एक पक्षकार 'येते' म्हणतोय, दुसरा 'ये' म्हणतोय," राजनकर बाई म्हणाल्या. "दबाव नाही, जबरदस्ती नाही. माझ्या मते ही परस्परसंमती आहे. फक्त उलट्या दिशेची."

"मुद्दा बरोबर आहे," साहेब म्हणाले. "केव्हा येणार, बाई?"

"जेवणं झाल्यावर. आणखी केव्हा?"

"तांबट, तुमचं काय म्हणणं?"

शेठ उत्तर द्यायला गेले, पण शब्दाऐवजी जांभई आली. सहा महिन्यांतली पहिली. चांगली लांब, डोळ्यांतून पाणी काढणारी, शेवटी बोटांनी चुटक्या वाजवायला लावणारी. कुमुदताईंनी पदर तोंडाला लावला आणि त्या हसता हसता रडू लागल्या.

"पक्षकाराने संमती दिली, असं लिहा," साहेब म्हणाले. "अर्ज निकाली."

दुसऱ्या दिवशी उन्हं डोक्यावर आली असताना एक गिऱ्हाईक तांब्या घेऊन आलं. दुकान बंद होतं. त्याने कडी वाजवली.

"शेठ आहेत का?"

"आहेत," कुमुदताई रेडिओ बारीक करत आतून म्हणाल्या. "पण त्या आल्यात."

"असं होय! आधी नाही का सांगायचं," म्हणून गिऱ्हाईक खालच्या आवाजात माफी मागून सावलीत पायरीवर टेकलं. थोड्या वेळाने त्याचीही आली, चटई घेऊन.