एत्ला कसब्यांत मक्याचीं सालें उतरविल्याची हकीकत

श्री कांदेलारिया मातेचे कृपेंकरून एत्ला कसब्यांत जो रणसंग्राम जाला, तैसा पृथ्वीवर जाला नाहीं, होणें नाहीं. संग्राम मक्याचीं सालें काढण्याचा होता.

वर्तमान ऐसें कीं, जानेवारींत तीन राजांचे सणास रोस्का पाव कापिला, तों त्यांत दडविलेलें बाहुलें राजेश्री आबुंदियो यांचे दातांखालीं आलें. ज्यास बाहुलें, त्यानें फेब्रुवारीचे दुसरे तारखेस, कांदेलारिया मातेचे सणीं, अवघ्या गोतास तमाल, म्हणजे मक्याचे पिठाचे उकडलेले मुटके, खिलवावे, हा दस्तूर. राजेश्रींनीं सासूबाई दोन्या एउस्तोलिया यांचे समक्ष मिशीवर हात ठेवून शब्द दिल्हा कीं, तमाल बाजारचे नव्हेत, मका शिजविण्यापासून खासा आपले हातचे. सासूबाई इतकेंच बोलल्या, "बघू हां, जावईबापू."

मका आदले रात्रीं चुन्याचे पाण्यांत ठेवावा, तें राजेश्री विसरले. मग सणाचे सकाळीं हंडा चुलीवर चढविला आणि दोन चमचे चुना रवाना केला आणि, पाणी जास्त तर साल लौकर सुटेल ऐशा अजब मसलतीनें, हंडा कांठोकांठ भरिला. प्रहर लोटला, परंतु एकाही दाण्यानें साल सोडिली नाहीं. तेव्हां कुटुंब रेमेदिओस हंड्यांत डोकावून म्हणाल्या, "अहो, फौज दोन चमचे आणि मुलूख केवढा! चुन्याची नि दाण्याची गाठ पडणार कधी? गर्दी करा, गर्दी!"

मग निम्में पाणी उपसलें आणि चुन्याची ताजी कुमक पाठविण्याचा हुकूम सुटला आणि चुन्याचे स्वार दाटीनें चालून गेले आणि दाण्यागणिक वारांवर वार पडूं लागले, आणि सकाळपासून हटून बसलेलीं सालें पिवळीं पडोन, शरण येऊन, पाण्यावर तरंगूं लागलीं. राजेश्रींस वीरश्री चढली, आणखी मूठभर चुना उचलिला, तों सासूबाई कडाडल्या, "पुरे! तमाल खायचेत आम्हांला, भिंती नाही रंगवायच्या!" हात आवरिला.

मग मका चोळचोळून धुतला आणि राजेश्रींनीं एक दाणा चिमटींत धरिला, तो साफ नागवा निघाला. डोळां पाणी आलें. फत्ते जाली, गोतांत मेस्काल दारूचा पेला फिरला, आणि टोपली डोईवर घेऊन स्वारी दळणास गिरणीकडे निघाली. सासूबाई दारांत उभ्या राहून म्हणाल्या, "सावकाश जा हो, घाई नाही."

चर्चच्या घड्याळांत तीन वाजले होते. गिरणी दोनला बंद होते.