कोणीच न पाहिलेला सामना

क्रीडापानाच्या खर्चावर कात्री चालली तेव्हा संपादकसाहेबांनी मैदानरावांना खुर्चीत बसवून गोड आवाजात सांगितलं, "परगावचे सामने आता इथूनच करा." मैदानराव म्हणजे पेपरचे क्रीडाप्रतिनिधी, हे नाव त्यांना ऑफिसनेच दिलेलं. न पाहिलेल्या सामन्याची एक ओळसुद्धा त्यांनी आजवर लिहिली नव्हती, आणि हे ऐकवून ऐकवून बायकोला पार बेजार केलं होतं. आता काय करणार? अडला हरी, दुसरं काय!

शहरात पेपर तीन आणि कात्री तिन्हीकडे. तेव्हा मैदानराव, दुसऱ्या पेपरचा चष्मेवाला आणि तिसऱ्याचा लांबू यांनी गुपचूप आपसांत पाळ्या लावल्या. एकाने पदरमोड करून जायचं, उरलेल्या दोघांना फोनवर सामना सांगायचा. कोणाची पाळी कधी, हे मात्र सगळं तोंडी. तोंडी कारभार म्हटला की घोळ ठरलेलाच.

त्या रविवारी शहराचा फुटबॉल संघ परगावी खेळणार होता, आणि तिघेही आपापल्या घरी जेवून लोळत होते.

मैदानरावांनी चष्मेवाल्याला फोन लावला. "काय म्हणतोय सामना?"

चष्मेवाला ताडकन उठून बसला. आपली पाळी होती की काय? "गोंगाट फार आहे इथे. करतो परत," म्हणून त्याने लांबूला फोन लावून तोच प्रश्न विचारला. लांबूलाही वाटलं, पाळी आपलीच होती आणि आपण विसरलो. कबूल करावं तर अब्रू जाते. म्हणून त्याने सगळ्यात बिनधोक उत्तर दिलं, "शून्य-शून्य. जोरदार चाललाय."

ते शून्य-शून्य फिरत फिरत मैदानरावांकडे आलं. खात्रीसाठी त्यांनी संघाच्या व्यवस्थापकाला फोन केला, तर तो उचलेना.

"मैदानावर असतील, कसा उचलतील?" बायको म्हणाली. तेही पटलं.

पुढे गाडी उताराला लागली. नुसतं शून्य-शून्य सांगायला चष्मेवाल्याला कसंसंच वाटलं, म्हणून त्याने गोलरक्षकाला एक पेनल्टी अडवायला लावली. ती मैदानरावांकडून लांबूकडे गेली, तेव्हा लांबू म्हणाला, "हो हो, डावीकडे झेपावला!" डावीकडची गोष्ट फिरून चष्मेवाल्याच्या कानावर आली, तेव्हा त्याचा स्वतःचाच त्या पेनल्टीवर विश्वास बसला. मैदानरावांनी आपल्या पदरचा फक्त वारा आणि टाळ्या घातल्या.

"जरा बेतानं घाला," बायको म्हणाली. "तुम्ही तिथे नव्हतात." त्यांना ते लागलं, पण बातमी द्यायची वेळ टळत होती.

सकाळी तिन्ही पेपरांत तोच सामना, तीच पेनल्टी. साहेब खूश. "बघा! तिन्हीकडे सारखं, म्हणजे खरंच असणार. उगाच इतकी वर्षं तुमची पायपीट करवली."

तेवढ्यात खुद्द गोलरक्षक ऑफिसच्या दारात उभा राहिला. त्याने मैदानरावांना जिन्यात बाजूला घेतलं.

"काका, आम्ही गेलोच नाही हो."

"कुठे?"

"सामन्याला! क्लबने खर्च कमी केला, बसच आली नाही. व्यवस्थापक कालपासून तोंड लपवून बसलेत."

मैदानरावांची उभ्या आयुष्याची कमाई एका दुपारी मातीत गेली होती. "चुकलं रे माझं," ते म्हणाले. "उद्याच खुलासा छापतो."

"छापा ना, छापायलाच पाहिजे." गोलरक्षक हातातल्या पेपरची घडी घालत राहिला. "फक्त एक दिवस थांबाल का? तिकडे गावी आई सकाळपासून घरोघरी वाचून दाखवतेय. तिला आधी मी सांगतो."

"थांबतो," मैदानराव म्हणाले. तसेच ते साहेबांकडे गेले आणि पाळ्यांपासून वाऱ्यापर्यंत सगळं सांगून टाकलं. नोकरी गेली, असं धरूनच ते उभे होते. साहेबांनी सगळं ऐकून भलतंच विचारलं.

"सामना झाला नाही, हे आपल्यापैकी कोणी बघितलंय?"

"नाही साहेब."

"मग? पुन्हा ऐकीवच छापायचं? ते काही नाही. जा, बघून या."

"पण प्रवासखर्च..."

"घ्या हो!" साहेब खेकसले.

अशा रीतीने मैदानराव कितीतरी दिवसांनी पेपरच्या खर्चाने परगावी गेले, तेही न झालेला सामना बघायला. मैदान रिकामं होतं. तिथली देखभाल करणारे आजोबा गोलची जाळी शिवत बसले होते.

"आता आलात होय?" आजोबा म्हणाले. "रविवारी रेषा मारून, जाळ्या बांधून बसलो होतो. आमची पोरं कपडे चढवून तयार. रस्त्यावर गाडी वाजली की सगळ्यांच्या माना वर. अंधारून आलं, तेव्हा म्हटलं, जा रे बाबांनो घरी."

मैदानरावांनी तेच लिहिलं, पदरचा एक शब्द न घालता. शेवटी आपण सामना रचला होता, याची सरळ कबुली दिली. इतकं खरं आपल्या हातून आजवर उतरलं नव्हतं, असं त्यांना मनापासून वाटलं.

साहेबांनी मजकूर दोनदा वाचला आणि छापायला दिला. मग दारापर्यंत गेलेल्या मैदानरावांना हाक मारून जरा संकोचाने म्हणाले, "चांगलं झालंय हो. पण खरं सांगू का? आधीचा सामना जास्त रंगला होता."