मूळ धरू दे आधी

धर्माकाका दुसऱ्यांच्या झाडांच्या कळ्या खुडतात. चोरून नाही, मालकासमोर. घरमालकीणबाईंनी नवा मोगरा आणून लावला, त्याला कळ्या आल्या, आणि फुलं देवाला वाहायच्या आत काकांनी त्या नखाने खुडून टाकल्या. बाई भांडायला आल्या तर काका शांतपणे म्हणाले, "मूळ धरू दे आधी. फुलाचं मग बघू."

तलासरीत आमच्या खोल्या शेजारी-शेजारी आहेत. झरी गावातलं त्यांचं घर रस्त्याच्या कामात गेलं, तेव्हा काकांनी भांड्यांच्या आधी झाडं टेम्पोत चढवली. जास्वंद, अनंत, दोन मोगरे. इथे लावल्यावर त्यांची अर्धी पानं कापली, बुंध्याशी पेंढा पसरला आणि वर जानकीकाकींची लुगडी बांधून सावली केली. काकी उरलेल्या दोन लुगड्यांवर दिवस काढत होत्या.

मी शाळेतून शिकवून दमून यावं, तर काका दारातच थांबवून मान टाकलेली जास्वंद दाखवायचे. खत घाला म्हटलं की दुखावल्यासारखे बघायचे. तापातल्या माणसाला कोणी मटण वाढतं का, असं त्यांचं म्हणणं. रोज तेच. मला त्या जास्वंदीचा अगदी वीट आला होता.

या सगळ्यात काकींकडे कोणाचं लक्ष नव्हतं. हायवेवरच्या ट्रकांच्या आवाजाने त्यांना झोप लागत नसे, जेवणही जात नव्हतं. एका दुपारी त्या घरात दिसेनात. मी म्हटलं, बाजारात बघू. काकांनी मान हलवली, माझ्या स्कूटरवर मागे बसले आणि झरीला घ्यायला सांगितलं.

काकी तिथेच होत्या. पाडलेल्या घराचं नुसतं जोतं उरलं होतं, त्यावर बसलेल्या. मला वाटलं, आता काका रागावणार. ते शेजारी टेकले.

"मला नाही करमत तिथे," काकी म्हणाल्या.

"मलापण नाही," काका म्हणाले.

इतक्या दिवसांत हे त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. काकींनी त्यांच्याकडे वळून पाहिलं, जणू हा माणूस त्यांना आज बऱ्याच दिवसांनी भेटत होता.

आजची रात्र इथे भावाकडे राहतो, असं काकांनी मला सांगितलं. झाडांना पाणी घालायची आठवणसुद्धा करून दिली नाही. मी स्कूटर वळवली तेव्हा ते उठून काकींच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसत होते, उतरतं ऊन आपल्या पाठीवर घेऊन.