पुठ्ठ्यावरचा एक स्क्रू

"पावणं, घाई हाय?"

सर्जामामाच्या गॅरेजात गाडी आत घ्यायच्या आधी हा प्रश्न. गाडीला काय झालंय ते मागनं. गिऱ्हाईक बिचारं खरं बोलून जातं, व्हय की मामा, जरा घाईच हाय. मग मामा हातातलं फडकं खांद्यावर टाकतो आणि शांतपणे सांगतो, "मग चालत जावा." झालं, गाडी परत. गिऱ्हाइकाला वाटतं म्हातारा थट्टा करतोय. ते हसतं, घुटमळतं, पुन्हा विचारतं. मामा तोवर दुसऱ्या गाडीपाशी मांडी घालून बसलेला असतो.

उद्यमनगरात आमची दुकानं भिंतीला भिंत लागून आहेत. मी मालन. ब्लाऊज शिवते, फॉल-पिको करते आणि लोक म्हणतात की तोंडानं फटकळ आहे. असेन. या माणसाच्या शेजारी सहा वर्षं काढल्यावर कुणीही होईल.

मामा एकाच जातीचं काम घेतो. त्या पळणाऱ्या गाड्या असतात ना, पोरं पोटावर झोपून चालवतात त्या, त्यांच्या अंगावरचं प्लास्टिक उतरवायचं आणि परत चढवायचं. त्याला फेअरिंग म्हणतात. आत दिव्याची एवढीशी वायर तुटली तरी ते सगळं सोलावं लागतं. बाकीचे मेस्त्री या कामाला वैतागतात. स्क्रू पंचवीस-तीस, त्यातले चार लांब, सहा आखूड, काही रबरवाले, काही नुसती प्लास्टिकची बटणं, आणि एखादा असा दडवलेला की बनवणाऱ्यालाच शिव्या द्याव्यात. मेस्त्री सगळे एका डब्यात टाकतात. लावताना हाताला येईल तो लावतात. शेवटी दोन-तीन उरतातच. गिऱ्हाइकानं विचारलं तर आमच्या गल्लीत एक ठरलेलं उत्तर आहे, कंपनी जास्तीचेच देतीया. सगळे हसतात, गाडी जाते.

मामाकडं डबा नाही. मामाकडं पुठ्ठा आहे, आणि तो माझा. रोज सकाळी दहाला दारात येऊन उभा राहणार. रामराम नाही, काय चाललंय नाही. "मालन, पुठ्ठा." ब्लाऊजपीसच्या खोक्यांची झाकणं मी त्याच्यासाठी राखून ठेवते, नाहीतर माणूस दारातनं हलत नाही. त्या झाकणावर तो बॉलपेननं गाडीच्या त्या बाजूचं चित्र काढतो. कुठं दिवा, कुठं चाक, कुठं पाय. मग माझ्याच टोच्यानं भोकं पाडतो. गाडीचा स्क्रू निघाला की चित्रात ज्या जागी तो, त्या जागी खोचायचा. सगळं उतरलं की पुठ्ठ्यावर काढलेली गाडी स्क्रूंनी मढून जाते. लावताना एकेक काढायचा, आधी सगळे नुसते बोटांनी धरायचे, मग किल्लीनं आवळायचे. तेही बेतानं. "प्लास्टिकला बी गळा असतोय," म्हणतो. पुठ्ठा रिकामा झाला की तो अंघोळीच्या बंबात जातो. रिकामा झाला नाही तर गाडी दारातनं हलत नाही, मग मालक कुणीही असो.

एकदा एक नवरदेव आला, मुंडावळ्या बांधून. वरातीला गाडीच पाहिजे होती आणि गाडीचा पुढचा दिवा लागत नव्हता. मामानं विचारलं, घाई हाय? तो म्हणाला, अक्षता साडेबाराला हायत. मामा म्हणाला, मग रिक्षानं जावा. तो गेलाही बिचारा, पण गाडी तिथंच सोडून. दुसऱ्या दिवशी त्याचा सासरा भांडायला आला. गळ्यात सोन्याची साखळी, आवाज असा की माझ्या मशीनचा दोरा तुटला. मामानं मान वर न करता त्याच्या तळहातावर एक स्क्रू ठेवला. "धरा. पडू द्यायचा न्हाय." तो मोठा माणूस अर्धा तास हात पसरून उभा राहिला. मी दोरा ओवता ओवता बघत होते. शेवटी त्यानंच आपल्या हातानं स्क्रू भोकात बसवला आणि न भांडता गाडी घेऊन गेला.

मात्र मामासमोर ती कंपनीची चेष्टा करायची सोय नाही. चहाच्या गाड्यावर एका मेस्त्रीनं केली होती. मामानं अर्धा चहा खाली ओतला, कप ठेवला आणि चालू लागला. त्या माणसाशी तो आजतागायत बोललेला नाही. एक उरला की एक गेला, एवढंच म्हणाला होता जाताना. मला वाटलं, म्हातारपणी माणसं म्हणी तयार करतात, त्यातलीच एक असेल.

त्याच्या गॅरेजात देवाच्या फोटोशेजारी एक जुना पुठ्ठा टांगलेला. पिवळा पडलेला, कोपरे उंदरानं खाल्लेले. वर गाडीचं चित्र आणि खालच्या बाजूला एकच काळा लांब स्क्रू खोचलेला. मी विचारलं की म्हणायचा, त्येचा मालक यायचा हाय. आणि आणखी एक. दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला एक दिवस गॅरेज बंद. मामा इस्त्रीचा सदरा घालून, तो पुठ्ठा पिशवीत घालून चंदगडकडची एसटी धरतो आणि रात्री पुठ्ठ्यासकट परत येतो. बायको वारलेली, मूलबाळ नाही. मग गल्लीनं काय अर्थ लावावा? चंदगडला मामाची मावशी हाय म्हणे. मावशी कसली ते डोळा मारून सांगायचे. सांगणाऱ्यांत मी पहिली होते, हे इथंच कबूल करते.

गेल्या वर्षी तो निघाला तेव्हा मी दुकानातनं ओरडले, मामा, मावशीचं माप आणा, ब्लाऊज शिवून देते. गल्ली खदाखदा हसली. मामा थांबला. माझ्याकडं बघितलं आणि पिशवी छातीशी धरून माघारी फिरला. एसटीला गेलाच नाही. दुसऱ्या दिवशी दहाला पुठ्ठा मागायला आला नाही. तिसऱ्या दिवशी नाही. चौथ्या दिवशी राखून ठेवलेली झाकणं मी दोनदा मोजली. पाचव्या दिवशी दुपारी तो आला, गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसला आणि गुडघ्यांकडं बघत बोलायला लागला.

अकरा वर्षांपूर्वी त्याच्याकडंही डबाच होता. संदीप नावाचा पोरगा, चंदगडच्या बाजूचा. शिरोलीला फौंड्रीत कामाला, नवीन गाडी घेतलेली. शनिवारी दुपारी आला. दिव्याची वायर तुटली होती आणि दुसऱ्या दिवशी गावची जत्रा. मामा, घाई हाय, रात्रीच्या मटणाला पोचायचं हाय, म्हणाला. मामानं वायर जोडली, प्लास्टिक भराभर चढवलं. डब्यात एक स्क्रू उरला. तो पोरानंच बघितला.

"त्यो म्हणाला, मामा, ह्यो राहिला की. आणि मी म्हणालो, कंपनी जास्तीचेच देतीया. जा, मटण गार हुतंय."

गडहिंग्लजच्या पुढं उतारावर गाडी घसरली. पोरगं जागच्या जागी गेलं. पोलिसांनी लिहिलं, अतिवेग. गावानं मान हलवली. मामाकडं कुणी आलं नाही, कुणी काही विचारलं नाही. पण कळल्यावर त्यानं डबा ओतला आणि तो काळा लांब स्क्रू हातात घेतला. त्या लांबीचा स्क्रू एकाच ठिकाणी बसतो, खालच्या पॅनलच्या तोंडाशी. तो नसला की वाऱ्यानं पॅनल उघडतं आणि पुढच्या चाकात जातं. त्याच रात्री त्यानं आठवून आठवून त्या गाडीचं चित्र काढलं. तो त्याचा पहिला पुठ्ठा.

म्हणजे मावशी कुठली आणि काय. दरवर्षी जत्रेच्या आदल्या दिवशी हा माणूस त्या पोराच्या आईला तो स्क्रू द्यायला जायचा. गावच्या फाट्यावर उतरायचा, टपरीवर चहा प्यायचा आणि उलट्या एसटीनं परत यायचा. अकरा वर्षं. तिच्या दारापर्यंत पाय गेलेच नाहीत.

मला रडू आलं, पण मला रडू आलं की आधी राग येतो. मी म्हटलं, मग अकरा वर्षं काय झोपा काढल्या? पोरगं तिचं गेलं आणि खरं काय ते तुम्ही उशाला घेऊन बसलात? आणि जीभ चावली, कारण त्याच्या रात्री कशा गेल्या ते मी बघितलेलं नव्हतं. म्हटलं, पुढच्या जत्रेला मी येते. बघू कसं माघारी फिरता.

यंदा आम्ही गेलो. एसटीत तो पिशवी मांडीवर घेऊन बसला होता, साखरपुड्याचं ताट धरावं तशी. फाट्यावर उतरल्यावर टपरीवाल्यानं न विचारता चहा ओतायला घेतला. मी मामाचा दंड धरून पुढं काढला. परतीची शेवटची एसटी साडेपाचला, हे तेवढं विचारून ठेवलं.

संदीपची आई, तानव्वा, अंगणात काजूच्या बिया वाळत घातल्या होत्या त्या हातानं परतत होती. हडकुळी बाई, पदर खोचलेला. कोण पावणं म्हणाली. मी तोंड उघडणार तेवढ्यात मामानं हात केला आणि तिच्यासमोर जमिनीवरच बसला. पुठ्ठा पुढं ठेवला.

"ह्यो तुमच्या संदीपच्या गाडीचा हाय. माझ्याकडं राहिला हुता."

तिला कळेना. मग त्यानं सगळं सांगितलं. डबा, घाई, वायर. पोरानं विचारलं होतं आणि आपण काय चेष्टा केली, तेसुद्धा जसंच्या तसं. मला वाटलं, एवढं तरी गाळेल. नाही गाळलं.

तानव्वाचे हात बियांवर थांबले होते. तिनं विचारलं, "म्हंजे त्यो जोरात न्हवता?"

"जोरात असू दे न्हायतर हळू. ह्यो नसल्यावर ते निघणारच हुतं," मामा म्हणाला. "चूक माझी हाय. त्येची न्हाय."

"बारा वर्सं त्येला शिव्या घालते मी," ती म्हणाली. "रोज. फोटूला हार घालताना. मटणासाठी मेलास म्हणून. त्येचा बा गेला त्यो बी हेच म्हणत गेला, पोरगं बेफाम हुतं."

आता ही बाई याच्या कानाखाली ओढणार, असं मला वाटलं. ओढली असती तर मी मधे पडले नसते. मामानंही मान पुढं केलेली होती. पण ती उठली, पदरानं हात पुसले आणि म्हणाली, "चला माज्यासंगट."

घराच्या मागं गोठा. एक म्हैस, आणि तिच्या पलीकडं ताडपत्रीखाली गाडी. पोलिसांकडनं आणून जी ठेवली ती ठेवली. तानव्वानं ताडपत्री ओढली. पुढचं चाक वाकडं, दिवा फुटलेला, निळ्या प्लास्टिकचे तुकडे सुतळीनं बांधलेले. खालचं पॅनल अर्धंच उरलेलं, एका टोकाला लोंबत होतं. पण त्या स्क्रूचं भोक शाबूत होतं.

"बसवा," ती म्हणाली.

"आता ही चालायची न्हाय, तानव्वा."

"मी कुठं चालवा म्हणते?"

मामा शेणातच गुडघे टेकून बसला. खिशातनं किल्ली काढली, ती त्याच्या खिशात असतेच. पुठ्ठ्यावरनं स्क्रू काढला. ज्या हातानं तो अंधारातसुद्धा बटणं बसवतो, त्या हातातनं स्क्रू दोनदा पेंढ्यात पडला. दोन्ही वेळा त्यानंच चाचपून शोधला. मी पॅनल धरायला वाकले तर तानव्वानं मला बाजूला सारलं आणि स्वतः खाली बसली. दोन्ही तळव्यांनी तिनं ते प्लास्टिक जागेवर दाबून धरलं, तापलेल्या पोराचं कपाळ धरावं तसं.

स्क्रू आटे धरेना. मामा घाबराघुबरा होऊन किल्लीच लावायला लागला. मी सहा वर्षांत त्याला बोटांच्या आधी किल्ली लावताना बघितलं नव्हतं.

"दमानं," तानव्वा म्हणाली. "आता कुणाला घाई हाय?"

मामानं किल्ली खाली ठेवली आणि बोटांनी पुन्हा पहिल्यापासनं सुरुवात केली. खाली फाट्यावर साडेपाचच्या एसटीचा हॉर्न वाजला. मी रिकामा पुठ्ठा हातात धरून उभी होते. मी त्याला हाक मारली नाही.