दाफिनाला जाणीव होते

कारखानदाराला आपल्या जबाबदारीची जाणीव असली, की नदी शुद्ध राहते. मग उरतो तो फक्त पाण्याचा प्रश्न. हे तत्त्व मान्य करूनच बल्गेरियातल्या ब्यालित्सा नदीकाठच्या कारखानदारांची जाणीव दरवर्षी तपासायचं ठरलं. (पाणी तपासण्याचाही विचार झाला होता, पण त्यासाठी नदीपर्यंत जावं लागतं.)

दाफिना केहायोवाचा लोकर रंगवायचा कारखाना होता. नवऱ्यामागे तो हातात आल्यावर तिनं आधी सांडपाण्याच्या टाक्या बांधल्या, गाळण्या बसवल्या. तिच्याकडून नदीत जाणारं पाणी इतकं नितळ, की खालच्या अंगाला बायका गालिचे धूत.

साहजिकच ती तपासणीत नापास झाली.

"नदीकडे बघून काय वाटतं तुम्हाला?" तपासनीस लोझानोवाबाईंनी विचारलं.

"छान वाटतं."

"अपराधी वगैरे?"

"कशाबद्दल?"

लोझानोवाबाईंनी खेदानं शून्य गुण दिले.

वरच्या अंगाला कातडी कमावणारा झाफिर मात्र पहिल्याच प्रश्नाला हुंदके देऊ लागला. त्याच्या फाटकावर उत्तीर्ण झाल्याची हिरवी पाटी लागली. (रडून झाल्यावर रुमाल त्यानं नदीतच पिळला म्हणतात. पुरावा नाही.)

"फेरतपासणीत नापास झालीस तर परवाना गेला," झाफिर कुंपणावरून म्हणाला. "कामाला येणाऱ्या बायका घरी बसतील. सगळं स्वच्छ करून ठेवलंस, आता रडणार कशावर गं?"

"कांदा चिरते समोर बसून."

"खोट्या जाणिवेला शिक्षा आहे, बये. आम्ही खरे रडतो."

दाफिनाला दोन घास गोड लागेनात. रंगाच्या कढईपाशी उभ्या असलेल्या बायका नुसत्या तिच्याकडे बघायच्या. शेवटी फेरतपासणीच्या सकाळी ती उठली आणि टाक्यांना वळसा घालून सांडपाणी थेट नदीत सोडणारी झडप तिनं स्वतःच्या हातानं उघडली.

नदी जांभळी झाली. थोड्याच वेळात खालून, गालिचे धुणाऱ्या बायकांतली पेन्का आली, निथळता गालिचा खांद्यावर टाकून.

"लेकीच्या लग्नाचा गं हा! दोन हिवाळे विणत होते. काय केलंस हे, दाफिना? तू?"

त्या 'तू'नंच सगळा घात केला. दाफिना काठावरच्या दगडावर बसली आणि ढसाढसा रडली. गर्दी पाहून लोझानोवाबाई प्रथमच नदीपर्यंत आल्या होत्या. त्यांनी शांतपणे निरीक्षण केलं. जिल्ह्यात आजवर इतकी जाणीव कुणालाच झाली नव्हती. परवाना कायम झाला, अभिनंदनही झालं.

डोळे पुसून दाफिनानं बंद करायला झडपेच्या चाकावर हात ठेवला, तेव्हा बाईंनी तिला आपुलकीनं थांबवलं.

"अहो, बंद केलीत तर पुढच्या वर्षी काय वाटणार तुम्हाला?"

दाफिनानं चाकावरचा हात काढून घेतला.

ही हकीकत वाचून ज्यांना दाफिनाबद्दल, गालिच्याबद्दल किंवा गेला बाजार नदीबद्दल हळहळ वाटली, त्यांना उत्तीर्ण समजण्यात येत आहे. त्यांच्याकडून आणखी कसलीही अपेक्षा नाही.